पानाच्या चुऱ्यातून जातीकडे

वनस्पतीची ओळख फुलावरून पटवावी, हा लिनियसपासून रुजलेला शिरस्ता. पण वैद्याच्या दुकानात फूल क्वचितच पोहोचते. तिथे वाळलेले पान, सालीचा तुकडा किंवा नुसते चूर्ण असते. अशा वेळी प्रश्न सूक्ष्मदर्शकाकडे येतो. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एकच गोष्ट आधी सांगायला हवी : इथे नजरेत भरणाऱ्या खुणेपेक्षा टिकाऊ खुणेला किंमत आहे.

सोनामुखीचेच पाहा. घरोघरी रेचक म्हणून माहीत असलेली ही पाने व्यापारात दोन नावांनी ओळखली जातात : अलेक्झांड्रियाची आणि तिरुनेलवेलीची. जुन्या ग्रंथांत पहिली कॅसिया अ‍ॅक्युटिफोलिया, दुसरी कॅसिया अँगुस्टिफोलिया. चूर्ण केले की दोघी सारख्याच दिसतात. पर्णरंध्राला समांतर लागून असलेल्या पेशी, एकपेशीय खरबरीत केस, शिरांच्या कडेने कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक, हे सगळे दोन्हींत आहे. केस अलेक्झांड्रियाच्या पानावर अधिक दाट असतात. पण दाट म्हणजे किती, हे चुऱ्यात कसे ठरवायचे?

नुसती रंध्रे मोजूनही भागत नाही. सावलीतले पान पसरते, तशी रंध्रे विरळ होतात. उन्हातल्या पानावर ती दाटतात. ई. जे. सॅलिसबरी यांनी 1927 मध्ये यावर तोड सुचवली. अपित्वचेच्या एकूण पेशींत रंध्रे शेकडा किती, हे प्रमाण काढायचे. पान पसरले तर रंध्रांसोबत इतर पेशीही दूर जातात, म्हणून हा रंध्रनिर्देशांक फारसा हलत नाही. अलेक्झांड्रियाच्या सोनामुखीत तो 10 ते 15, सरासरी 12.5, तिरुनेलवेलीच्या सोनामुखीत 14 ते 20, सरासरी 17.5. 14 ते 15 हा पट्टा दोघींचा सामाईक आहे, हे ध्यानात घ्या. एखाद्या तुकड्यावरून निकाल देणे धोक्याचे, ते याचमुळे.

पुढे या कथेला वेगळेच वळण लागले. आज अनेक वर्गीकरणकार या दोन्हींना सेना अलेक्झांड्रिना या एकाच जातीत घालतात. मग ती मोजदाद वाया गेली का? मुळीच नाही. हे दोन प्रकार वेगळे काढण्याचे काम ती आजही करते. मात्र किती फरक पडला म्हणजे जात वेगळी मानायची, हे निर्देशांक सांगत नाही. त्यासाठी फुले, फळे, परागकण, गुणसूत्रे आणि डीएनए यांची साक्ष एकत्र वाचावी लागते.

सुरुवातीला साहित्य थोडेच लागते : साधा सूक्ष्मदर्शक, पान पारदर्शक करायला क्लोरल हायड्रेटचे द्रावण, आकृत्या काढायला कागद आणि भरपूर चिकाटी. नाव पक्के ठाऊक असलेल्या नमुन्यांवर आधी हात बसवा, निरनिराळ्या झाडांची, वेगवेगळ्या वयाची पाने मोजा. एकाच जातीत किती फरक पडू शकतो हे कळल्याखेरीज दोन जातींमधला फरक सांगू नये.