नोकरीपूर्व पार्श्वभूमी पडताळणी

नोकरीपूर्व पार्श्वभूमी पडताळणी म्हणजे उमेदवाराने अर्जात आणि मुलाखतीत दिलेली माहिती नियुक्तीपूर्वी किंवा रुजू झाल्यानंतर लगेच मूळ नोंदींशी ताडून पाहण्याची प्रक्रिया होय. नोकरदारांच्या बोलण्यात ती ‘बॅकग्राउंड चेक’ किंवा ‘बीजीव्ही’ या नावाने ओळखली जाते. भारतात माहिती तंत्रज्ञान, बँकिंग आणि विमा या क्षेत्रांतील मोठ्या कंपन्यांत ती निवडप्रक्रियेचा नेहमीचा टप्पा झाली आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः भारतातील मोठ्या खाजगी कंपन्यांविषयी आहे. शासकीय सेवेतील चारित्र्य पडताळणीचा उल्लेख त्यात आवश्यक तेवढाच केला आहे.

मुलाखतीत उमेदवाराची पात्रता पाहिली जाते, तर पडताळणीत त्याची कागदपत्रे पाहिली जातात. कागद कागदाशी जुळतो की नाही एवढेच ती सांगू शकते. तो का जुळत नाही, याचे उत्तर अनेकदा उमेदवारालाच शोधून द्यावे लागते.

पूर्वपीठिका

सेवेत घेण्यापूर्वी माणसाची पारख करण्याची कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांची धर्म, अर्थ, काम आणि भय या चार ‘उपधां’नी, म्हणजे गुप्त कसोट्यांनी, परीक्षा घ्यावी असे सांगितले आहे. त्या कसोट्या माणसाच्या वर्तनाच्या होत्या. आधुनिक पडताळणी नोंदींवर चालते आणि या अर्थाने ती अगदी निराळी आहे. मुख्याध्यापकांचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा चारित्र्याचा दाखला हा या दोहोंमधला टप्पा म्हणता येईल. त्यात ओळखीच्या माणसाचा शब्द हाच पुरावा असे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी ग्राहकांची कामे भारतात येऊ लागली, तेव्हा हा शब्द अपुरा पडू लागला. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक ग्राहकांच्या खात्यांतून पैसे वळवल्याचे उघडकीस आले आणि या उद्योगातील मनुष्यबळाच्या विश्वासार्हतेची चर्चा देशाबाहेरही झाली. २००६ मध्ये नॅसकॉम या उद्योगसंघटनेने ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू केली. तिच्यात कर्मचाऱ्याचे छायाचित्र, बोटांचे ठसे, शिक्षण आणि पूर्वानुभव यांची नोंद होते.

मुलाखत आणि घोषणापत्र

मोठ्या कंपन्यांतील निवड साधारणपणे लेखी किंवा संगणकीय चाचणी, तांत्रिक मुलाखत आणि मनुष्यबळ विभागाची मुलाखत अशा क्रमाने होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची ‘नॅशनल क्वालिफायर टेस्ट’ हे अशा चाचणीचे परिचित उदाहरण आहे. दूरस्थ मुलाखती वाढल्यापासून उमेदवाराऐवजी दुसऱ्यानेच मुलाखत देण्याचे प्रकार घडू लागले. त्यामुळे मुलाखतीच्या वेळचे छायाचित्र रुजू होणाऱ्या व्यक्तीशी पडताळून पाहिले जाते.

मनुष्यबळ विभागाच्या मुलाखतीत विचारलेले साधे प्रश्न पुढे महत्त्वाचे ठरतात. आधीची नोकरी कोणत्या तारखेला सोडली, शेवटचा पगार किती होता, शिक्षणात खंड का पडला, यांची उत्तरे नंतर घोषणापत्रात लिहून द्यावी लागतात आणि त्यांचीच पडताळणी होते. आजारपणामुळे वर्ष वाया गेले, हे सांगण्यात कमीपणा नाही. ते वर्ष अनुभवाच्या महिन्यांत दडवले, तर मात्र मूळ कारणापेक्षा दडवणेच अधिक गंभीर मानले जाते.

कंपनीने काय विचारावे, यालाही मर्यादा आहेत. नीरा माथूर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात महिला उमेदवारांना मासिक पाळी आणि गर्भधारणा यांविषयी तपशील विचारणारे घोषणापत्र सर्वोच्च न्यायालयासमोर आले. असे प्रश्न स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे असल्याचे मत देऊन न्यायालयाने ते रकाने वगळण्यास सांगितले आणि सेवेतून कमी केलेल्या त्या महिलेला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला.

प्रक्रिया

नियुक्तीचा प्रस्ताव स्वीकारल्यावर उमेदवार एक विस्तृत अर्ज आणि लेखी संमती देतो. काम बहुधा त्रयस्थ संस्थेकडे सोपवले जाते. ती विद्यापीठ, पूर्वीची कंपनी, न्यायालयीन नोंदी आणि राहता पत्ता यांची चौकशी करून अहवाल देते. अहवालात हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग वापरण्याची पद्धत आहे. हिरवा म्हणजे माहिती जुळली, पिवळा म्हणजे किरकोळ तफावत किंवा पडताळणी अपुरी, लाल म्हणजे गंभीर तफावत. रंग संस्था देते, परंतु माणसाला ठेवायचे की नाही हा निर्णय कंपनीचा असतो. हा फरक उमेदवारांना क्वचितच समजावून सांगितला जातो.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नव्वद दिवसांचा नोटीस कालावधी सर्रास आढळतो. उमेदवार जुन्या नोकरीचा राजीनामा देतो, नव्या ठिकाणी रुजू होतो आणि पडताळणी त्यानंतरही चालू असते. नियुक्तिपत्रातच ‘अहवाल प्रतिकूल आल्यास सेवा संपुष्टात येईल’ अशी अट असल्याने लाल अहवाल आला, तर जुनी नोकरीही गेलेली असते आणि नवीही जाते.

पत्त्याच्या पडताळणीसाठी प्रतिनिधी घरी येतो किंवा उमेदवाराकडून मोबाइलवर घराचे स्थाननिश्चितीसह छायाचित्र मागवले जाते. हिंजवडी किंवा खराडीत खोली करून राहणाऱ्या तरुणांना येथे त्रास होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही तोंडी बोलीवर दिलेल्या खोल्या कमी नाहीत.

शिक्षण आणि अनुभव

पदवीची खातरजमा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून शुल्क भरून केली जाते. डिजिलॉकर (२०१५) आणि नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी (२०१७) यांमुळे अनेक गुणपत्रके थेट निर्गमित करणाऱ्या संस्थेच्या नोंदींतून पाहता येतात. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो. पदवी अशा संस्थेची असल्यास उमेदवार स्वतः फसवला गेला असला, तरी ती ग्राह्य धरली जात नाही.

पूर्वानुभवासाठी अनुभवपत्र, कार्यमुक्तिपत्र, वेतनपावत्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ मध्ये सर्व नोकऱ्यांसाठी एकच ‘युनिव्हर्सल अकाउंट नंबर’ दिल्यापासून कोणत्या कंपनीत कोणत्या तारखेपासून काम केले, हे एका ठिकाणी दिसू लागले. एकाच वेळी दोन कंपन्यांकडून वर्गणी जमा होत असेल, तर तेही त्यात उघड होते. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले, तेव्हा हा विषय सर्वतोमुखी झाला.

या नोंदीलाही उणिवा आहेत. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यामुळे लहान कार्यशाळेत किंवा लेखापालाच्या कार्यालयात खरोखर केलेली दोन वर्षे तेथे दिसत नाहीत. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसणे ही नित्याची तक्रार आहे. कंपनी बंद पडली असेल, तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरतो. अशा वेळी बँकेच्या खातेउताऱ्यातील पगाराच्या नोंदी आणि प्राप्तिकराचे फॉर्म १६ हे उपयोगी पुरावे ठरतात.

नावांतील तफावत

महाराष्ट्रातील उमेदवारांच्या बाबतीत ‘तफावत’ या शेऱ्याचे एक मोठे कारण फसवणूक नसून नाव हे असते. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, शिवाय आईचे नाव स्वतंत्र दिलेले असते. आधारपत्रावर तेच नाव उलट क्रमाने येते आणि पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. मधले नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर आणि तिसऱ्यावर गायब, असे सहज घडते.

लिप्यंतर हा दुसरा घोळ. ‘ज्ञानेश्वर’मधील ‘ज्ञ’ मराठी माणूस रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ असा लिहितो, तर हिंदी भाषक कारकून ‘जी-वाय’ असा लिहितो. ‘दीक्षित’मध्ये कोणी ‘एक्स’ घालतो, कोणी ‘के-एस-एच’. देवनागरीत एकच असलेले नाव रोमन लिपीत दोन माणसांचे होते आणि यंत्राला ती दोनच दिसतात.

विवाहित स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. लग्नानंतर आडनाव बदलते, मधल्या नावी वडिलांच्या जागी पतीचे नाव येते आणि काही घरांत पहिले नावही बदलण्याची रूढी होती. पदवी माहेरच्या नावाची आणि पॅनकार्ड सासरच्या नावाचे असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी हा दुवा ठरतो. हा कागद नोकरी मिळण्याआधीच तयार ठेवणे श्रेयस्कर, कारण पडताळणीच्या मुदतीत तो हाती येईलच असे नाही.

संस्थांची नावेही बदलतात. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. दूरच्या राज्यात बसून अहवाल लिहिणाऱ्यास हे ठाऊक असेलच असे नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. त्यामुळे नावाचा आणखी एक क्रम रूढ होईल.

पोलीस आणि न्यायालयीन नोंदी

खाजगी कंपनीला पाहता येईल अशी दोषसिद्धांची सर्वसमावेशक सार्वजनिक सूची भारतात नाही. त्यामुळे ई-न्यायालयांच्या संकेतस्थळांवर नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता यांवरून शोध घेतला जातो. पाटील, जाधव, शिंदे यांसारख्या आडनावांत समान नावाच्या व्यक्ती असंख्य असल्याने दुसऱ्याच कोणाचा खटला उमेदवाराच्या माथी येण्याचा धोका असतो. याला पूरक म्हणून पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागवतात. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

खटला दाखल असणे आणि दोष सिद्ध होणे यांतील फरक पडताळणीच्या अहवालात पुसट होतो. शासकीय सेवेसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने यावर विस्ताराने लिहिले आहे. पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार (२०११) या निकालात तरुण वयातील किरकोळ चुकीसाठी माणसावर कायमचा शिक्का मारू नये, असे सांगताना व्हिक्तॉर ह्युगोच्या कादंबरीतील, पाव चोरणाऱ्या ज्याँ व्हालज्याँचा दाखला दिला गेला. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या त्रिसदस्यीय पीठाच्या निकालाने नियम अधिक स्पष्ट केले. माहिती खरीच दिली पाहिजे. मात्र क्षुल्लक प्रकरण दडवले असल्यास ते दुर्लक्षित करण्याचा विवेक नियोक्त्याने वापरावा, आणि अर्जात स्पष्टपणे विचारलेलीच माहिती देणे उमेदवारावर बंधनकारक आहे. खाजगी कंपन्यांना हे दंडक थेट लागू होत नाहीत.

बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार बालवयातील गुन्ह्याच्या दोषसिद्धीमुळे सामान्यतः कोणतीही अपात्रता येत नाही. प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा याला अपवाद आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर अनेक जुन्या शिक्षा उमेदवाराने सांगण्याची गरज उरत नाही. भारतात प्रौढांसाठी तशी सर्वसाधारण तरतूद नाही.

पतइतिहास आणि आरोग्य

बँका उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहासही पाहतात. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रतिकूल पतअहवालावरून नियुक्ती रद्द करण्याचा एका सार्वजनिक बँकेचा निर्णय कायम ठेवला. कर्ज थकले म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून कर्ज फिटत नाही, हे त्यातील चक्र टीकाकारांनी दाखवून दिले आहे.

वैद्यकीय तपासणीबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल महत्त्वाचा आहे. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्ही बाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे एचआयव्ही आणि एड्स अधिनियम, २०१७ ने नोकरीची पूर्वअट म्हणून अशी चाचणी करण्यास मनाई केली.

कायदेशीर स्थिती

बनावट पदवी किंवा अनुभवपत्र सादर करणे हा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची फसवणूक (कलम ३१८), बनावटीकरण (कलम ३३६) आणि बनावट दस्तऐवजाचा खरा म्हणून वापर (कलम ३४०) ही कलमे त्यास लागू पडतात. व्यवहारात बहुतेक कंपन्या पोलिसांत न जाता नियुक्ती रद्द करतात.

उमेदवाराच्या बाजूने मात्र खास असा कायदा नाही. अमेरिकेत १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टनुसार, त्रयस्थ संस्थेकडून पडताळणी करून घेण्यापूर्वी वेगळ्या कागदावर सूचना देऊन लेखी परवानगी घ्यावी लागते आणि अहवालावरून नोकरी नाकारण्यापूर्वी त्याची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. तेथे कामासाठी गेलेल्या मराठी अभियंत्यांना हा अहवाल वाचायला मिळतो. पुण्यात त्याच स्वरूपाच्या पडताळणीतून जाणाऱ्याला ‘तफावत आढळली’ एवढेच कळवले जाण्याची शक्यता असते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. संमतीच्या आधारे वापरलेल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. त्याच वेळी नोकरीच्या कारणांसाठी आणि नियोक्त्याचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभाही कलम ७ मध्ये दिलेली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील.