वातावरणीय रेल्वे

वातावरणीय रेल्वे ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड, आयर्लंड व फ्रान्समध्ये वापरली गेलेली, हवेच्या दाबावर चालणारी वाहतूकपद्धती होय. या गाडीला स्वतःचे इंजिन नसे. रुळांच्या मधोमध टाकलेल्या बिडाच्या नळातून ठरावीक अंतरावरील पंपघरे हवा शोषून घेत. त्यामुळे नळातील दट्ट्याच्या पुढे अंशतः निर्वात निर्माण होई आणि मागच्या बाजूचा वातावरणीय दाब दट्ट्याला व त्याला जोडलेल्या गाडीला पुढे ढकली. सॅम्युएल क्लेग आणि जेकब व जोसेफ हे सामुदा बंधू या पद्धतीचे प्रवर्तक होत. १८४० मध्ये त्यांनी लंडनजवळ वर्मवुड स्क्रब्ज येथे तिच्या चाचण्या घेतल्या.

रचना

गाडीला दट्ट्याशी जोडणारा लोखंडी पट्टा बाहेर येण्यासाठी नळाच्या माथ्यावर संपूर्ण लांबीभर खाच ठेवावी लागे. ही खाच चामड्याच्या झडपेने झाकलेली असे. दट्ट्यामागील चाके झडप उचलीत आणि गाडी पुढे गेल्यावर ती पुन्हा दाबून बसविली जाई. सांधा हवाबंद राहावा म्हणून त्यावर चरबीयुक्त लेप लावीत. संपूर्ण योजनेचे यश या एका सांध्यावर अवलंबून होते.

दट्ट्यावरील बल

दट्ट्यावरील बल म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. १५ इंच (सु. ३८ सेंमी.) व्यासाच्या नळाचे छेदक्षेत्र ०.११४ चौ. मी. भरते. दाबातील फरक अर्ध्या वातावरणाइतका, म्हणजे सु. ५० किलोपास्काल धरल्यास बल सु. ५,७०० न्यूटन मिळते. व्यास २२ इंच केल्यास हेच बल दुपटीहून अधिक होते. म्हणूनच चढाच्या भागासाठी मोठ्या नळाची योजना होती.

नळातील दाबघट

हे गणित गाडी उभी असतानाचे आहे. गाडी धावू लागली की दट्ट्यापुढील हवाही साधारण त्याच वेगाने पंपाकडे वाहू लागते आणि नळाच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणामुळे वाटेत तिचा दाब घटतो. परिणामी पंपघरातील दाबमापक जेवढा निर्वात दाखवितो, तेवढा दट्ट्यापाशी नसतो. संक्षुब्ध प्रवाहात ही घट नळाच्या लांबीच्या व वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात, तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. १५ इंची नळ, सु. ५ किमी. अंतर, ताशी ७२ किमी. वेग आणि घर्षणांक ०.०२ धरून स्थूल हिशेब केल्यास घट सु. ३० किलोपास्काल येते, म्हणजे उपलब्ध दाबाचा निम्म्याहून अधिक भाग हवा वाहून नेण्यातच खर्ची पडतो. वेग निम्मा केल्यास घट चतुर्थांश होते. गाडी पंपाजवळ येते तसतशी मधली लांबी कमी होऊन ओढ वाढते. खाचेतून झिरपणारी हवाही याच नळातून ओढून घ्यावी लागत असल्याने गळतीचा भुर्दंड दुहेरी असे. घर्षणजन्य घटीच्या सूत्राला यूलिउस वाइसबाख यांनी १८४५ मध्ये आजचे रूप दिले. आंरी दार्सी यांचे नळांवरील प्रयोग तर १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

साउथ डेव्हन येथील प्रयोग

इझमबार्ड किंग्डम ब्रूनेल यांनी एक्झेटर ते न्यूटन या सु. ३२ किमी. मार्गावर ही पद्धती बसविली. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८४४ च्या अहवालात आयर्लंडमधील डॉकी मार्गाची तपासणी करून तिच्याविरुद्ध मत दिले होते. ते डावलले गेले. सप्टेंबर १८४७ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. धूर व ठिणग्या नसलेला हा वेगवान प्रवास लोकांना आवडला. परंतु काही महिन्यांतच झडपेचे चामडे कडक होऊन फाटू लागले आणि गळती वाढली. पंपघरे दीर्घकाळ वेळापत्रकानुसार चालविली जात असल्याने गाडीला उशीर झाला की कोळसा व्यर्थ जळे. उंदरांनी चामडे खाल्ल्याची कथा लोकप्रिय आहे. पण योजना बुडण्यास ही कारणे पुरेशी होती. संपूर्ण झडप बदलण्याचा खर्च पाहून ब्रूनेल यांनीच माघारीची शिफारस केली आणि सप्टेंबर १८४८ मध्ये ही सेवा बंद झाली. चढासाठी मागविलेले २२ इंची नळ वापरात आलेच नाहीत. स्टारक्रॉस येथील पंपघराची इमारत अद्याप उभी आहे.

इतर मार्ग

डॉकी मार्ग १८५४ पर्यंत, तर पॅरिसजवळील सँ-जेर्मँ येथील चढाचा मार्ग १८६० पर्यंत चालला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री येथे २०१३ पासून विमानतळाला जोडणारी एरोमोव्हेल ही गाडी याच तत्त्वावर धावते. तिच्यात वाहिनीचा छेद मोठा व दाबातील फरक अल्प ठेवलेला असून हवा विजेच्या पंख्यांनी खेळविली जाते.