साताऱ्यातला देवाचा दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली नगर सोडून साताऱ्यास आले ते अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर पाणी सोडून. नगरात त्यांना काय कमी होते? धर्मोपदेशक, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक आणि नावाजलेले कवी. तरीही पन्नाशी उलटल्यावर त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जशी जागा होती, तशीच तो न घेता ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांनाही होती. कवीची लहर म्हणून हा प्रयोग बाजूला सारणे सोपे आहे. मला मात्र तो एका जुन्या प्रश्नाचा सर्वांत धीट जबाब वाटतो. मराठी माणसाने ख्रिस्ताची उपासना मनापासून करायची तर कशी? ‘मन लावून’ एवढ्याने भागत नाही. मन लागायला आधी चाल लागते.

मिशनच्या जुन्या मंडळ्यांत कळकळ नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ इंग्रजी चालींवर गायची म्हटले की मराठीची फरफट होते. चालीतला लांब सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर पडतो आणि ते बिचारे ताणले जाते. जिथे शब्दाने जरा रेंगाळायचे तिथे पळावे लागते. शिवाय गीत पुस्तकातले, म्हणजे अक्षरओळख असणाऱ्याचे. खेड्यांतून, त्यातही अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या त्या मंडळ्यांत वाचता येणारे किती असणार? अभंगाचा व्यवहार याच्या उलट चालतो. पुढचा ध्रुवपद म्हणतो, मागचे उचलतात, आणि पुढचा चरण येईतो ते तोंडात बसलेले असते. टाळ हातांना गुंतवतो. शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालून इतरांच्या ओळीत येऊन उभा राहतो. टिळकांच्या अभंगांत ते नाव ‘दास’ असे येते. देशी चालींची ही वाट कृष्णराव सांगळे यांनी नगरला आधीच मळलेली होती, टिळकांनी ती हमरस्ता केली. साताऱ्यात तर तिची ओळख करून द्यायचीही गरज नव्हती. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून याच जिल्ह्यातल्या लोणंद-फलटणवरून पंढरपूरला जाते. टाळाचा ठेका इथे शाळा काढून शिकवावा लागत नाही. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांमुळे, हे टिळक स्वतःच उघड सांगत.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. अभंग घेतला की त्याच्या मागून वारकरी भावविश्व येणार, आणि ख्रिस्त हा तारणारा न राहता अनेक गुरूंपैकी एक होऊन बसणार. आक्षेप पोकळ नाही. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले ते ओवीतच, आणि तेही इन्क्विझिशनच्या अमलात, चर्चच्या परवानगीने. ओवीमुळे तिथे सिद्धान्ताला तडा गेला नाही. मग अभंगामुळे साताऱ्यात का जावा? टिळकांच्या भूमिकेत कच्चा दुवा होता तो बाप्तिस्मा ऐच्छिक ठेवण्याचा. त्याचे खापर अभंगावर फोडण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप भावनेवरचा. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करत प्रार्थना करू लागल्या, तेव्हा काही मिशनऱ्यांना आनंद झाला, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोंगाटावरून कळकळ मोजता येत नाही हे खरे, पण शांत बसलेल्यांना ती असतेच असेही नाही. आमोस संदेष्ट्याने तर न्यायाला पारख्या झालेल्या लोकांची गीते देवाला नकोत, असेच बजावले आहे. त्या कसोटीवर आजच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९० च्या दशकात उभारलेले इस्पितळ ही उपासनाच म्हणायची, आणि कोणी तिला भजनापेक्षा वरचढ म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र वान्लेस स्वतः मिशनरी होते. प्रार्थना की रुग्णसेवा, अशी निवड त्यांनी कधी केली नाही.

टिळकांच्या विरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा काळाने दिला. ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार दिवस तगला नाही. १९२२ साली जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यावर टिळकांची छाया आहे, पण ती वेगळी संस्था. मनाच्या ओढीवर माणसे जमतात; दर आठवड्याला दिवाबत्ती करायला, सतरंज्या घालायला, हिशेब ठेवायला कोणीतरी नेमलेले लागते. हे टिळकांनी कमी लेखले असे मला वाटते. कारण त्यांची गीते टिकली ती दरबारात नव्हे, तर त्यांनी ज्यांची चाकरी सोडली त्यांच्याच मंडळ्यांमध्ये. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून ती रविवारच्या ठरलेल्या क्रमात गायली जातात, बहुधा पेटी-तबल्यावर, आणि ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्यालाही ध्रुवपद उचलता येते.