राब: जाळलेल्या मातीची गोष्ट

मे महिन्यात कर्जत किंवा कसाऱ्याच्या बाजूने ट्रेनने गेलात, तर डोंगराखालच्या खाचरांत काळे चौकोन दिसतात. 'शेतकऱ्यांनी शेतं जाळली' असं लिहून फोटो टाकायचा मोह होईल. जरा थांबा. शेत जळालेलं नाही, राब भाजलाय. रत्नागिरीकडे यालाच भाजावळ म्हणतात.

सह्याद्रीत भात बहुधा थेट खाचरात पेरत नाहीत. आधी एका लहान तुकड्यात रोपं करतात, मग त्यांची लावणी. रोपांच्या त्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या फांद्या म्हणजे टाहाळ, मग पाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट अंगाने. भडकली तर काम बिघडलं. ती सावकाश धुमसायला हवी. तणाचं बी करपतं, राखेतून पोटॅश मिळतं, तापलेल्या मातीतलं अन्न रोपाला लवकर लागू होतं. पहिल्याच पावसात जिथे तण वीतभर वाढतं, तिथे हा मोठाच आधार.

आता प्रश्न असा, की एवढा टाहाळ येणार कुठून? खाचरातून नाही. तो येतो वरच्या उतारावरून, ऐन-किंजळाच्या झाडांवरून. झाड तोडायचं नाही, फांद्या छाटायच्या. पुढे त्या पुन्हा फुटतात. याच उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, मग वरी, मग खुरासणी अशी पिकं घ्यायची आणि पुढची काही वर्षं ती पड ठेवायची. गुरं तिथेच चरायची, त्यांचं शेण खाली राबात यायचं. खाली खाचर, वर डोंगर; हिशेब मात्र एकच.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब फाडला गेला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्या दहा-बारा वर्षांत ती बोरघाट आणि थळघाट चढून गेली. स्लीपरना लाकूड हवं होतं, वाढत्या मुंबईला सरपण हवं होतं. १८६४ मध्ये सरकारचं वनखातं उभं राहिलं आणि १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव करण्याची सोय झाली. जंगल घटत होतं हे खरंच होतं. पण वनखात्याच्या नजरेत राबासाठी फांद्या छाटणारा कुणबी, कातकरी किंवा ठाकर हाच गुन्हेगार ठरू लागला.

१८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी वनखात्यावर आसूड ओढला, तो काही उगाच नाही. डोंगर आणि गायरानं गेली की गुरं जातात, आणि गुरं गेली की शेती जाते, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी एवढ्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राब हा त्याच्यापुढचा एक कळीचा मुद्दा होता. पुढे व्होल्कर नावाचा रसायनतज्ज्ञ भारतीय शेती पाहायला आला. १८९३ च्या त्याच्या अहवालाचा एकूण सूर असा, की इथला शेतकरी अडाणी नाही. त्याला कमतरता आहे ती साधनांची.

तरीही जंगलावरचा ताबा सुटला नाही. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरमध्ये जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली. तो लढा स्वातंत्र्याचा होता, आणि रोजच्या सरपणाचा, गवताचा, टाहाळाचाही होता.

आज कृषितज्ज्ञ राब भाजू नका म्हणतात. पाचोळा जाळण्यापेक्षा कुजवला तर मातीचा कस टिकतो, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. अनेक गावांत राबाची जागा खतांच्या गोण्यांनी घेतलीही आहे. पण टाहाळ फुकट यायचा, गोणीला पैसे पडतात. ते पैसे आणायला घरातलं कोणीतरी पनवेल-कल्याणला कामाला जातं.

कागदावर पाहिलं तर शेतकऱ्याचं काहीच गेलेलं नाही. सातबाऱ्यावर खाचर अजून त्याच्या नावावर आहे. त्या खाचराला पोसणारा डोंगर मात्र त्या सातबाऱ्यावर कधी नव्हताच.