मंचक, चहाचे कपाट आणि फटाके

उत्तर व्हिएतनाममध्ये सुखवस्तू घराचे वर्णन करायला चार शब्दांचा एक वाक्प्रचार पुरतो. त्याचा अर्थ, 'काळपट कठीण लाकडाचा मंचक आणि चहाचे कपाट'. (मूळ शब्द देवनागरीत उतरवले तर मराठी वाचकाला भलतेच काही ऐकू येईल, म्हणून अर्थावरच भागवतो.) भाषेने एखाद्या वस्तूला वाक्प्रचारात जागा दिली की तिचा इतिहास केवळ सुतारकामाचा राहत नाही, असे आम्हांस वाटते.

या मंचकाच्या घडणीचे सुतारांनी दिलेले नावही ऐकण्यासारखे आहे : 'गुडघे टेकलेले पाय, माशाचे पोट'. पाय आत वळलेले, कडेची पट्टी माशाच्या पोटासारखी फुगीर. सांध्यांत खिळा नसतो. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसते. कपाटावरचे जडावकाम याहून जिकिरीचे. हनोईच्या दक्षिणेकडील चुओन न्गो गावचे कारागीर शिंपल्याचा कपचा बारीक करवतीने नक्षीबरहुकूम कापतात, लाकडात नेमकी तेवढीच जागा कोरतात, तुकडा चिकटवतात आणि घोटून सपाट झाल्यावर त्यावर केसासारख्या रेषा काढतात. 'तीन राज्ये' या चिनी कादंबरीतील प्रसंग यासाठी विशेष आवडीचे. म्हणजे जिथे ती कोणी वाचलेली नाही, त्या घरातही ती कपाटावर नांदत असते.

१९५३ ते १९५६ च्या जमीन-सुधारणेत हेच वैभव अपराधाचा पुरावा ठरले. जमीनदारांची चीजवस्तू जप्त होऊन गरीब शेतकऱ्यांत वाटली गेली. १९८६ नंतर आर्थिक धोरण सैल झाले आणि मंचक पुन्हा दिवाणखान्यात आला.

या लाकूडकामासाठी आज सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे बाक निन्ह प्रांतातील डोंग की. पूर्वी त्याची ख्याती फटाक्यांसाठी होती. १ जानेवारी १९९५ पासून देशभर फटाक्यांवर बंदी आली. लाकूडकाम गावात होतेच. आता सारा भार त्याच्यावर पडला. परंपरा टिकली म्हणून आनंद मानावा, तर लाकूड कोठून आले हा प्रश्न उरतो. सयामी शिसवासाठी लाओस आणि कंबोडियातील जंगले तुटली. २०१३ मध्ये त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. २०१६ मध्ये लाओसने कच्च्या लाकडाची निर्यात थांबवली. कारागिराच्या हाताचे कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवणे आम्हांस जमत नाही.

चांद्र वर्षाच्या चौथ्या दिवशी डोंग कीच्या जत्रेत आजही अजस्र फटाक्यांची मिरवणूक निघते. त्यांत दारू नसते. ते लाकडाचे असतात.