तळटीप : ‘स्त्रीपुरुष तुलना’

* ताराबाई शिंदे (बुलढाणा) यांचे पुस्तक, पुणे, १८८२. निमित्त सुरतेतल्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. पण वर्तमानपत्री पंडितांनी तेवढ्यावरून समस्त बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा मांडला. ताराबाईंचा सवाल रोखठोक : बायको गेली की पुरुषाने पुन्हा बोहल्यावर चढायचे, विधवेने मात्र केशवपन करून कोपऱ्यात बसायचे, आणि तिला फसवणारा नामानिराळा, तो का? भाषा घरगुती, झणझणीत. कित्येकांना ती झोंबली. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून आणले. ताराबाईंची ओळख ‘फुल्यांच्या अनुयायी’ एवढ्यावर आटोपणे प्रस्तुत संपादकांना मान्य नाही.