जवसाचे तेल आणि तरंगती दोरी

रब्बीच्या दिवसांत परळी वैजनाथच्या आसपासच्या काळ्या रानांतून सकाळच्या प्रहरी जाणाऱ्या वाटसरूला हरभऱ्याच्या नि करडईच्या शेजारी जवसाचे दोन-चार तास निळ्या फुलांनी डवरलेले दिसतात. दुपार कलली की त्या पाकळ्या गळून पडतात. अळशी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या धान्याला संस्कृतात अतसी म्हणतात, आणि अमरकोशाने तिला ‘क्षुमा’ व ‘उमा’ अशी आणखी दोन नावे दिली आहेत. वैद्यनाथाच्या क्षेत्री उमेच्या नावाचे पीक उभे राहावे, हा योग मला फार मनोहर वाटतो. क्षुमेच्या सुताचे वस्त्र ते क्षौम. तिकडे रोमन लोकांनी या झाडाला ‘लीनुम’ म्हटले व त्याच्या सुताच्या दोऱ्याला ‘लीनेआ’. परळीच्या जंक्शनात हमाल-प्रवाशांच्या तोंडी दिवसभर असलेला ‘लाइन’ हा शब्द त्या दोऱ्याचाच वंशज होय.

गळाच्या दोरीलाही इंग्रज ‘लाइन’च म्हणतो, आणि त्या दोरीला तरंगत ठेवण्याच्या खटाटोपात जवस पुन्हा एकदा कसे उपयोगी पडले, ती हकीकत सांगण्याजोगी आहे. इकडे वाण नदीच्या पाण्यात जाळे लावणाऱ्या भोयाला तरंगण्याची विवंचना फारशी नाही, कारण जाळ्याच्या वरच्या दोराला हलके तरंगे बांधले की काम भागते. परंतु पिसांची नि रेशमाची कृत्रिम माशी करून ती ट्राउट माशापुढे टाकण्याची जी विलायती विद्या, तिच्यात माशीला स्वतःचे वजनच नसल्यामुळे ती फेकली जाते दोरीच्या भाराने; म्हणजे दोरी हवेतून दूर जाण्याइतकी जड हवी, आणि पाण्यावर उतरल्यावर मात्र बुडता कामा नये.

इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला तेव्हा ही दोरी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून वळीत. पुढे रेशीम आले. रेशीम मजबूत खरे, पण पाण्याहून सुमारे सव्वापट जड आणि पाणी शोषून घेणारे. १८८६ साली फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या माश्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्या सुमारास माशी पृष्ठभागावरच राहिली पाहिजे हा आग्रह दृढ झाला आणि भिजलेली दोरी माशीला खाली ओढू लागली की सारा डाव फसू लागला. त्यावर तोड म्हणून विणलेल्या रेशमात जवसाचे तेल मुरवावयाचे, मंद उष्णतेवर सुकवावयाचे, घासून गुळगुळीत करावयाचे आणि पुन्हा तेल द्यावयाचे, असे थरावर थर चढविण्याची रीत रूढ झाली.

जवसाचेच तेल का, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. खोबरेल वर्षभर ठेवले तरी तेलच राहते. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याच्या आसपास असणारे लिनोलेनिक आम्ल हवेतला प्राणवायू ओढून घेते, तेलाचे रेणू परस्परांत गुंतत जातात आणि त्याचे लवचिक कातडे बनते. पाणी सुकते ते उडून जाऊन. हे तेल सुकते ते वजनाने वाढून. क्रिकेटच्या बॅटला हेच तेल चोळतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेस जाणाऱ्या आपल्या गळिताच्या धान्यांत जवस हा मोठा जिन्नस होता. इंग्लंडात हल बंदरातल्या गिरण्या ते गाळीत, आणि त्या तेलाचे रंग, वार्निश व लिनोलियम होई. काळ्या मातीतल्या रयतेचा हा माल कोणकोणत्या उपयोगाला लागला, याची नोंद आपल्याकडे अभिमानाने व्हावयास हवी होती.

आता पुन्हा गळाच्या दोरीकडे वळू. तेल मुरले तरी ती रेशमी दोरी पाण्याहून जडच राहते. म्हणून तिला वरून चरबी किंवा मेण चोळीत, म्हणजे पाणी अंगाला चिकटत नाही आणि पृष्ठताणाच्या अदृश्य पडद्यावर दोरी निजून राहते. संध्याकाळी ती रिळावरून सोडवून वाळत घालावी लागे, नाहीतर कुजे. उलट, माशीलगतचा शेवटचा बारीक धागा, जो पूर्वी रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ताणून काढलेल्या तातीचा असे, तो तरंगला तर त्याची सावली तळावर पडून मासा बिचकतो. म्हणून त्याला वंगण न लावता मुलतानी माती चोळून बुडवतात. एकाच दोरीच्या एका टोकाला तेल आणि दुसऱ्याला माती, ही योजना ज्याला सुचली त्याच्या निरीक्षणाला मी मनापासून नमस्कार करतो.

१९५० नंतर नायलॉनच्या गाभ्यावर प्लॅस्टिकचे वेष्टण देऊन त्यात काचेचे सूक्ष्म पोकळ मणी मिसळण्यात येऊ लागले. दोरी आपसूकच तरंगू लागली आणि नित्याचे चोळणे संपले. रेशमी दोरी वापरणारे थोडे शौकीन आजही आहेत, आणि ते आजही तिला चरबी लावतात. वाचकाने एकदा बशीत चमचाभर जवसाचे तेल घेऊन ते खिडकीत उन्हाला ठेवावे. काही दिवसांनी त्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरेल. तो बोटाने अलगद उचलून पाहावा, आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा.